‘वाफ सोड’ म्हणजे नेमकं काय?

पंप बोटीतून उतरला तेव्हा मी बंदरावर नव्हतो. मला बंदरावर जायला बंदी होती. शहराची हद्द ओलांडायची नाही, बंदराकडे फिरकायचं नाही, सभेत बोलायचं नाही, पत्रक लिहायचं नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं वाटायचं नाही, आणि दर सोमवारी पोलीसठाण्यात जाऊन हजेरी द्यायची, असा सरकारी हुकूम होता. मुंबईच्या गिरणीत असताना मी पत्रकं लिहिली होती, हा माझा गुन्हा. त्या पत्रकांत एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं असतं तर सरकारनं बहुधा हसून दुर्लक्ष केलं असतं.

तुरुंगातून सुटलो आणि रत्नागिरीत येऊन अडकलो. तुरुंगात निदान ‘आता सुटलास ना रे एकदाचा?’ असं कुणी विचारत नाही. इथे रोज कुणीतरी विचारी आणि मी रोज ‘हो’ म्हणे.

माझ्या आईचे एक चुलतभाऊ गावाच्या कडेला, पण शहराच्या हद्दीतच, सड्यावर म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर कारखाना चालवत. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी फौजदारापुढे माझ्यासाठी शब्द टाकला होता: ‘पोराला मी कामाला लावतो. माझ्या नजरेखाली राहील.’ त्या शब्दावर मी घरात झोपत होतो आणि आईच्या हातचं जेवत होतो. मला धरून ठेवायला सरकारला एक शिपाईसुद्धा ठेवावा लागला नाही. नात्यातला एक माणूस पुरला. गिरणीतल्या मालकाविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली होती. इथला मालक दिवाळीला आमच्याकडे फराळाला येई आणि आई त्याच्यासाठी मुद्दाम खोबऱ्याच्या वड्या करी. त्याच्याविरुद्ध काय लिहिणार आणि कुठे चिकटवणार? आमच्याच दारावर?

मामांचा कारखाना साठांचा. आंब्याचा रस आटवून थाळ्यांत पसरायचा आणि वाळवून पोळी करायची, त्याला आम्ही साठं म्हणतो. घरोघरी हे काम उन्हात होतं. मामांच्या डोक्यात आलं की ऊन हवंच कशाला? उन्हात माशा, कावळे, धूळ, आणि वैशाखात एखादा ढग आला की सगळी पळापळ. म्हणून त्यांनी जांभ्याची एक लांब खोली बांधली, तिच्या चारही भिंतींना खालपासून वरपर्यंत लोखंडी नळ फिरवले आणि बॉयलरमधली वाफ त्या नळांतून खेळवली. खोली तापली, साठं छपराखाली वाळू लागली. कल्पना वाईट नव्हती. वाईट हे होतं की आतला ताव बाहेर जाऊ नये म्हणून दार बंद ठेवायचं, आणि त्या बंद दाराआड वाडीतल्या बायका दिवसभर थाळे उलटत असत. पदर तोंडाला लावून बाहेर यायच्या आणि भिंतीला टेकून नुसत्या उभ्या राहायच्या. बोलायला सुद्धा दम उरायचा नाही.

नळांची दोन दुखणी होती. वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं. ते पाणी नळातच साचलं की मागून येणारी वाफ त्याला पुढे भिरकावते आणि नळ आतून घण मारल्यासारखा दणाणतो. एवढा आवाज होई की बायका म्हणत, ‘मालकांचा जावई आला वाटतं, दार ठोकतोय!’ मामांना मुलगी नव्हती, म्हणून हा विनोद जास्तच चाले. दुसरं दुखणं पाण्याचं. नळांतून निघालेलं पाणी गटारात जाई, आणि बॉयलरला रोज नवं पाणी लागे. वैशाखात सड्यावर पाणी कुठलं? खालच्या वाडीतल्या विहिरीवरून एक माणूस कावडीनं ते वाहून आणी. दिवसभर चढ चढायचा, ओतायचं, उतरायचं. त्याची बायको आत थाळ्यांवर होती. कावडवाला आणि ती, दोघं एकाच कारखान्यात, पण दिवसातून त्यांची दृष्टिभेट व्हायची ती बायको दाराबाहेर दम खायला आली तरच.

यावर इलाज म्हणून मामांनी मुंबईच्या एका गिरणीतून काढलेला जुना पंप मागवला. हा पंप नळांतली हवा आणि पाणी दोन्ही खेचून घेतो आणि पाणी परत बॉयलरकडे ढकलतो. नळ दणाणत नाहीत, पाणी फुकट जात नाही. मी गिरणीत साइझिंग खात्यात नळांवर होतो. सुताला खळ दिली की ते वाफेच्या तापल्या पिंपांवरून वाळवत नेतात. तिथे असाच पंप होता. म्हणून मामा मला म्हणाले, ‘तुला येतं ना? बसव.’

मला येत होतं. म्हणूनच मी भांडलो.

पत्रकात लिहितात तसं साधं लिहितो. गार पाणी पंप खालून वर ओढतो. वाफेचं पाणी उकळीच्या काठावर असतं. त्याला वर ओढायला गेलं की त्याची पुन्हा वाफ होते आणि पंप नुसता खडखडत राहतो. म्हणून तो पाण्याच्या खाली बसवावा लागतो, पाणी आपल्या वजनानं त्यात पडलं पाहिजे. म्हणजे खड्डा आला. मामांनी खोलीच्या मागे कातळ फोडून खड्डा खणून घेतला, माणूस उभा राहिला तर हात वर करूनही काठ लागणार नाही इतका खोल आणि हातपाय पसरायला जागा नाही इतका अरुंद. कातळ फोडायला कष्ट पडतात, म्हणून अरुंद. म्हणजे कष्ट खणणाऱ्याचे वाचले आणि अडकणं उतरणाऱ्याच्या वाट्याला आलं.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘खड्ड्यात येणाऱ्या नळावर एक व्हॉल्व हवा. खाली काम करणाऱ्याला आपल्या हातानं बंद करता आला पाहिजे.’

‘बॉयलरपाशी आहे ना एक?’

‘तो खड्ड्यातून दिसत नाही. त्याला कोण कधी हात लावेल, खालच्याला काय कळणार?’

‘कोण लावणार हात? आगवाला आहे तिथे. बोटीवर जन्म गेला त्याचा.’

‘आणि नळांतलं पाणी ज्या टाकीत जमणार, तिच्यावरचा उघडा नळ छपराच्या वर काढायला हवा. टाकीला श्वास घ्यायला वाट नसली तर ती फुगेल नाहीतर चेपेल.’

‘त्यातनं वाफ फुकट जाईल. बोळा कोंबू.’

‘बोळा कोंबलात तर मी हात लावणार नाही. आणि शिडी पक्की ठोका, हलती नको.’

मामांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. ‘शिंच्या, एक पंप बसवून दे म्हटलं तर मागण्यांची यादी देतोस! ही गिरणी नव्हे. आंबा थांबतो का तुझ्यासाठी? पाड लागला की चार दिवसांत नासतो. नवीन व्हॉल्व मुंबईहून यायचा, तोवर बोटी बंद होतील. मग काय, पावसाळ्यात साठं घालू?’

उघडा नळ त्यांनी मान्य केला. व्हॉल्व आणि शिडी नाही.

बॉयलरवर जो आगवाला होता, त्याला सगळे चाचा म्हणत. खाडीकाठच्या मुसलमान वस्तीतला म्हातारा, आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा ओढून ओढून ज्याच्या भुवया पुन्हा उगवल्याच नाहीत. त्यानं मामांना माझ्यासमोर सांगितलं, ‘मालक, आग विझवा, नळ गार होऊ द्या, मग उतरवा कुणाला. माझी भट्टी पेटलेली असताना खाली माणूस नको.’ मामांनी ‘बघू’ म्हटलं. आग विझवून पुन्हा वाफ धरायची म्हणजे अर्धा दिवस जातो. आंबा, आंबा, आंबा! त्या दिवसांत मला वाटायचं की या कारखान्यात खरा मालक आंबाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप दोरांनी खड्ड्यात उतरवला. तो पातळीत बसवणं, खाली पट्ट्या देणं, बोल्ट आवळणं झालं. इंजिनाकडून पंपाला येणारा पट्टा मी स्वतः काढून ठेवला, पंप चुकून फिरू नये म्हणून. राहिला येणारा नळ जोडायचा. त्याचं तोंड माझ्या गुडघ्यासमोर उघडं होतं. मी मामांना म्हणालो, ‘आता मी या तोंडाशी बसणार. खाली असेस्तोवर नळांत वाफ नको.’

‘बरं बाबा,’ मामा म्हणाले. ‘तेवढा वेळ वाफ सोडून देतो. झालं समाधान?’

झालं. मी शिडीनं उतरलो.

पुढचं मला नंतर कळलं ते आधी सांगतो, म्हणजे गोंधळ नको. मामा बॉयलरच्या शेडमध्ये गेले. खड्ड्यात मी आहे हे त्यांनी चाचाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चाचा आग विझवून मोकळा झाला असता. ते नुसते दारातून म्हणाले, ‘चाचा, वाफ सोडून दे,’ आणि आंबे आले म्हणून फाटकाकडे गेले. चाचानं तोवर बंद असलेल्या व्हॉल्वचं चाक धरलं आणि पूर्ण उघडलं.

मी खाली बसलो होतो. रस काढायच्या यंत्राला लावलेलं इंजिन वर धडधडत होतं. नळाच्या तोंडातून आधी नुसता वारा आला, गरम, लोखंडाचा वास असलेला. मला वाटलं उरलीसुरली हवा असेल. मग आत कुठेतरी लांब ‘जावई’ दार ठोकू लागला. तो आवाज माझ्याकडे येत होता. मी उठलो, शिडीला हात घातला तर शिडी नव्हती. थाळ्यांच्या वरच्या फळ्यांना लागते म्हणून कुणीतरी ती उचलून आत नेली होती. तेवढ्यात पाणी आलं.

ते चूळ टाकल्यासारखं येत होतं, थोडं थांबे आणि पुन्हा येई, आणि प्रत्येक वेळी मागून वाफेचा लोट. माझा डावा पाय पंपाच्या आणि भिंतीच्या मधे होता, तो निघेपर्यंत घोट्याच्या वर भाजला. मी पंपावर चढलो आणि पाठ कातळाला लावली. खड्डा पांढरा झाला. वर बघितलं तर आभाळही पांढरं. मी ओरडलो, ‘बंद करा! बंद!’ इंजिन माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतं. सभेत हजार माणसांपर्यंत पोचणारा माझा आवाज त्या खड्ड्याच्या काठापर्यंत पोचला नाही. पाणी पंपाच्या पायापर्यंत आलं होतं. मी हिशोब केला की ते माझ्या पावलांपर्यंत येईल, आणि मग मी कशावर चढणार? वर चढायला काही नव्हतं. मनात एकच मूर्ख विचार होता की सोमवारी हजेरीला गेलो नाही तर फौजदार म्हणेल, पळाला.

कावडवाला हंडे रिते करायला मागच्या बाजूला आला तेव्हा त्याला खड्ड्यातून वाफ निघताना दिसली. त्यानं हंडे तिथेच टाकले, कावडीचा बांबू खाली सोडला आणि मला वर ओढला. बांबू त्याच्या खांद्याच्या घामानं गुळगुळीत झालेला, माझे हात घसरत होते. तो वरून म्हणत होता, ‘धरा भाऊ, दातानं धरा पण धरा!’ मी वर आलो तेव्हा तो धावत बॉयलरकडे गेला आणि चाक बंद झालं.

मग बॉयलरच्या शेडमध्ये जे भांडण झालं ते मी पाय चुन्याच्या निवळीत आणि खोबरेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ऐकलं.

‘वाफ सोडून दे म्हणालात!’ चाचा ओरडला. ‘मी सोडली! रोज सकाळी तुम्ही दारातून काय ओरडता? ‘चाचा, वाफ सोड!’ तेव्हा मी काय करतो? चाक उघडतो.’

‘अरे, सोड वेगळं आणि सोडून दे वेगळं!’ मामा म्हणाले. ‘सोडून दे म्हणजे राहू दे! गेल्या वर्षी मी तपकीर सोडली, म्हणजे काय ती लोकांच्या अंगावर सोडली?’

‘बोटीवर दोर सोड म्हटलं की दोर सोडतात मालक. दोराचा नाद सोडत नाहीत!’

‘तुझी बोट घाल खाडीत!’

दोघंही खरं बोलत होते. हेच तर! मला त्या दिवशी लबाड माणूस हवा होता. लबाड सापडला असता तर माझा पाय निम्मा बरा झाला असता. त्याऐवजी सापडला एक शब्द, आपल्या मायबोलीतला, दोन तोंडांचा. वाफ नळात गेली तरी सोडली, वाफ बंद केली तरी सोडली. पण मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो: शब्द दुतोंडी होता, कबूल. ‘खड्ड्यात माणूस आहे’ हे वाक्य दुतोंडी नव्हतं. ते मामांनी उच्चारलंच नाही.

मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता काही माणसासारखं बोलतील. ते म्हणाले, ‘गावात बभ्रा करू नकोस. बॉयलर इन्स्पेक्टर आला तर सीझन जाईल.’

घरी आईनं पाय पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. मग हात काढून पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘कुणी विचारलं तर पेज सांडली म्हण.’

‘पेज सांडून एवढं भाजतं?’

‘मामांच्या शब्दावर तू बाहेर आहेस. मला पुन्हा तुरुंगाच्या दारात उभं राहायचं नाहीये रे.’

तुरुंगाच्या दारात ती दोनदा उभी राहिली होती, डोक्यावरून पदर घेऊन, बोटीनं ओकत मुंबईपर्यंत येऊन. मी पलंगावर पडून मनात पत्रक लिहिलं. मथळा छान जमला. तीन परिच्छेद झाले. मग कागद कुठला, छापखाना कुठला, वाटणार कोण, याचा विचार केला आणि ते पत्रक छातीवर धोंड्यासारखं पडून राहिलं. बाहेर वैशाखातला वारा पडलेला. झावळीसुद्धा हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत कारखान्यात गेलो. आईला सांगितलं की नळ जोडायचा राहिलाय, वर बसूनच दाखवतो. खड्ड्यातलं पाणी उपसलं होतं. काठावर कावडवाला उभा होता आणि पाना हातात घेऊन तो उलटासुलटा बघत होता.

‘तू कशाला इथे?’ मी विचारलं.

‘मालक म्हणाले उतर. चार बोल्ट तर आवळायचे हायत.’

‘काल काय झालं ते बघितलंस ना? तूच मला ओढलास!’

‘बघितला की.’

‘मग नाही म्हण.’

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला समुद्रावरून चालत जायला सांगितलं होतं. ‘नाय म्हणून काय करू भाऊ? ह्यो पंप लागला की पाणी परत जाणार बॉयलरात. मग कावड कशाला हवी? मालक बोलले, उतरलास तर पंपावर ठेवतो. नाय उतरलास तर...’ त्यानं पान्यानं हवेत एक रेघ मारली.

आपल्याच पोटावर पाय देणारं यंत्र आपल्याच हातानं बसवायचं, आणि तेही बसवताना उकडून मरायची तयारी ठेवून. मुंबईत असतो तर या एका वाक्यावर मी सभा उठवली असती. इथे मी होतो, काठी होती आणि काल मला ज्यानं वर काढलं तो आज खाली जायला निघाला होता. माझी सगळी चळवळ तेवढ्या जागेत येऊन बसली. हा माणूस वर आला पाहिजे. बाकी काही नको.

मी शेडमध्ये गेलो. ‘चाचा, व्हॉल्व बंद करा. गच्च.’

चाचानं चाक फिरवून बंद केलं, वर पान्यानं आवळलं. ‘आता मी इथून हलत नाही,’ तो म्हणाला. ‘अल्लाची शप्पथ.’

‘तुमच्या शपथेवर माझा विश्वास आहे. पण तुम्हाला कुणी हाक मारली, कोळसा आला, मालकांनी बाजूला केलं, तर चाक इथेच आहे. चाकाला शपथ ठाऊक नाही. तो पाना द्या.’

व्हॉल्वच्या दांड्यावर चाक एका नटानं बसवलेलं असतं. मी नट काढला, चाक उचललं. जड होतं, ताटाएवढं, आणि अजून गरम. राहिला नुसता चौकोनी दांडा. तो आता कुणाच्या हातानं फिरणार नव्हता, कुणी ‘सोड’ म्हणो की ‘सोडून दे’ म्हणो. चाचानं त्या दांड्याकडे बघितलं आणि त्याच्या नसलेल्या भुवया वर गेल्या.

खड्ड्याशी येऊन मी नळाला हात लावून पाहिला. तळहात टेकवून ठेवता येईपर्यंत थांबलो. शिडी आणवली, दोरानं खुंटीला बांधली. मग कावडवाल्याला म्हणालो, ‘आता जा. घाई करू नकोस.’ आणि चाक मांडीवर घेऊन काठावर बसलो.

थोड्या वेळानं मामा आले. आधी शेडमध्ये गेले असणार, कारण आले ते ओरडतच. ‘चाक कुठाय?’

‘इथे.’

‘दे ते. थाळे भरलेत आत. रस आंबायला लागेल.’

‘माणूस वर आला की देतो.’

‘तो काय दिवसभर बसेल! तू माझ्याकडे कामाला आहेस की मी तुझ्याकडे?’

‘मामा, त्याचं काम झालं की तो येईल. तोपर्यंत चाक कुणालाही मिळणार नाही. मला सुद्धा नाही.’

‘तुझ्या मांडीवर आहे आणि म्हणे मला सुद्धा नाही!’

आतल्या बायका दार उघडून बाहेर आल्या होत्या. कावडवाल्याची बायको पुढे होती, हातात रसानं माखलेली पळी तशीच. मामांना बायकांसमोर आवाज चढवणं भाग होतं आणि उतरवणंही भाग होतं. ते माझ्याजवळ वाकले आणि हळू म्हणाले, ‘मी फौजदाराला दिलेला शब्द मागे घेऊ?’

हे मला आदल्या रात्रीपासून ऐकू येत होतं, म्हणून ते प्रत्यक्ष ऐकून बरंच वाटलं. म्हणालो, ‘घ्या.’

‘तुझ्या आईचा विचार कर.’

केला. खालून पान्याचा आवाज येत होता, टक् आणि घसरल्याचा एक खरर. चाक मांडीला चटके देत होतं. मामांनी हात पुढे केला आणि चाकाची कड धरली. मीही धरली. सख्खा मामा नसला तरी मामा, आणि आम्ही एका लोखंडी चाकावर दोन पोरांसारखे ओढाओढ करत होतो. बायकांत कुणीतरी हसलं.

तेव्हा कावडवाल्याची बायको म्हणाली, ‘मालक, सोडा. त्याला बोल्ट आवळू दे की शांतपणी. घरात झाकणसुद्धा त्याच्या हातनं धड लागत नाय.’

सगळ्या हसल्या. खालून तोंड न दिसता आवाज आला, ‘ऐकू येतंय हां मला!’

मामांनी हात काढला. ते शेडच्या सावलीत जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. आत थाळ्यांतला रस उघडा पडला होता, माशा जमत होत्या. मला त्या माणसाची दया आली हे मी लपवत नाही. राग त्यामुळे कमी झाला नाही.

कावडवाला वर आला. अंगभर काळा, कोपर खरचटलेलं. बायकोनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘आलास? मला वाटलं पंपाशीच संसार मांडलास.’ मग ती वळून आत गेली, जरा घाईनं, आणि दारातच पदरानं तोंड पुसलं.

मी चाक त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन शेडमध्ये गेला, चाचानं बसवलं, नट आवळला, हळूहळू उघडलं. मी इंजिनाचा पट्टा चढवायला सांगितलं. पंपानं आधी दोनचार कोरडे ठसके दिले, मग पाणी धरलं. त्या खोलीतले नळ त्या दिवशी पहिल्यांदा गप्प होते. काम चांगलं झालं होतं. मामांनाही ते कळलं असणार.

संध्याकाळी ते फौजदाराकडे गेले. त्यांनी शब्द मागे घेतला, पण अर्धाच. मला तुरुंगात धाडा असं म्हणाले नाहीत. आईसाठी असेल. ‘माझ्याच्यानं पोरगा आवरत नाही,’ एवढंच म्हणाले. फौजदारानं सोमवारची हजेरी रोजची केली, सकाळ आणि संध्याकाळ, आणि ठाण्यात जाण्यायेण्याखेरीज माझी हद्द शहरापासून आमच्या आळीपर्यंत आणून ठेवली. कारखाना सड्यावर, म्हणजे हद्दीबाहेर. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पायाला खोबरेल लावताना म्हणाली, ‘कावडवाल्याची बायको भेटली होती पाण्याला.’

‘काय म्हणाली?’

‘काही नाही. फणस दिलाय.’

पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवायला कोंबतात ती पॅकिंग गळू लागली हे मला आळीतूनच कळलं. जुना पंप, जुनी पॅकिंग, गळणारच. म्हणजे पुन्हा कुणीतरी खाली उतरणार, आणि मी इथे ओट्यावर. त्या दिवशी मी ओट्यावरून किती वेळा उठलो आणि बसलो ते शेजाऱ्यांना विचारा. आळीच्या तोंडापर्यंत जाई आणि परत येई. माझ्यावर नजर ठेवायला आता नेमलेला शिपाई कोपऱ्यावर विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, ‘भाऊ, फेऱ्या मारायच्या तर मारा, पण त्या दगडाच्या अलीकडे.’

दिवस कलताना बायका कामावरून परत निघाल्या. कावडवाल्याची बायको आळीच्या तोंडाशी थांबली.

‘उतरला होता?’ मी दगडाच्या अलीकडून विचारलं.

‘उतरला. आणि चाक संगतीच घेऊन उतरला.’

‘खाली? चाक?’

‘कमरेला बांधून. जड म्हणून शिव्या घालत होता. मालक वर काठावर बोंबलत होते, आणि चाचा म्हणाला, मालक, चाक नाय, मी काय उघडू?’ ती हसू लागली. ‘एकदा आला वर, मग चाक बसवलान.’

‘मालक काय म्हणाले?’

‘काय म्हणतील? म्हणाले, पुढच्या वेळी लवकर ये.’

तिला चढ उतरून वाडीत जायचं होतं, ती गेली. मला ठाण्यात जायचं होतं. हजेरीची वेळ झाली होती, उशीर झाला तर फौजदार उगीच एक तास बाकावर बसवून ठेवतो. मी काठी घेतली आणि निघालो. शिपाई विडी टाकून माझ्या मागोमाग उठला.